एडनहून केलेली तार

इंग्लंडात वर्षभर शिक्षकांचं प्रशिक्षण घेऊन मी बोटीने परत निघालो, तेव्हा मनगटावरचं घड्याळ अजून हैदराबादच्याच वेळेवर होतं. वर्षभर मी ते बदललं नव्हतं. त्यात चार वाजले की चिक्कडपल्लीच्या घरी बायकोने चहाचं आधण ठेवलं असेल, एवढं मला कळायचं. बाकी वेळ सांगायला भिंतीवरची घड्याळं होती.

पोर्ट सईदला तिचं पत्र मिळालं. मी परदेशी गेलो तेव्हा हैदराबाद राज्य होतं. आता त्याच्या तीन वाटण्या झाल्या होत्या. आमच्यासारख्या मराठी सरकारी नोकरांना विचारत होते, इथेच राहता की मुंबई राज्यात जाता? मी बाहेर असल्यामुळे साहेबांनी माझं मत घरून कळवायला सांगितलं होतं. तिने लिहिलं होतं, "भाऊ म्हणतो, मुंबईच्या यादीत नाव घाला, औरंगाबादला नेमणूक होईल. तसंच कळवू का?" बोट एडनला पोचायच्या दिवशीच मुदत संपत होती.

मला जायचं नव्हतं. माझा जन्म हैदराबादचा, शाळा तिथली, माझ्या जिभेवरची अर्धी उर्दू तिथली. पण औरंगाबाद तिचं माहेर. नाही म्हणायचं तर तिचा हिरमोड करायचा. तारघर धक्क्यावर समोरच होतं. मी स्वतःला म्हटलं, घाई काय आहे, एडनपर्यंत निवांत विचार करू.

निवांतपणाला तोटा नव्हता. सकाळी डेकवर आरामखुर्ची टाकून बसायचं, अकराला कपभर गरम सूप, दुपारी दोरीच्या कड्या फेकायचा खेळ. तांबड्या समुद्रात वारा पडला आणि लोक बोलेनासेही झाले. दर एक-दोन दिवसांनी बोटीचं घड्याळ अर्धा तास पुढे सरकवत, म्हणजे माझ्या घड्याळाच्या तेवढं जवळ येई. बोटीवरून तार पाठवायच्या बिनतारी खोलीपर्यंत मी दोनदा जाऊन परत आलो. इतका रिकामा वेळ मला पुन्हा कधी मिळाला नाही, आणि इतका एकटाही मी कधी नव्हतो.

केबिनमध्ये सोबतीला नागपूरचे एक प्राध्यापक होते. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तुम्हाला निदान विचारताहेत हो. आमचं अख्खं नागपूर उचलून मुंबईत टाकलं, कोणी काही विचारलंच नाही!" आणि कुशीवर वळून घोरायला लागले. मला त्यांचा हेवा वाटला.

एडनला मात्र पहिल्या होडीने किनारा गाठला आणि तार केली.

मुंबईच्या धक्क्यावर माझ्यासाठी कोणी नव्हतं. बोटीचं आणि माझं घड्याळ एकदाचं जुळलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी हैदराबादच्या नामपल्ली स्टेशनवर उतरून रिक्षाने घरी पोचलो, तर दाराला कुलूप. घरमालकीण किल्ली, एक चिठ्ठी आणि बंद तार घेऊन खाली आली.

"बाईसाब तो बच्चियां को लेको चले गए. उनो गए सो दूसरे दिन ये तार आया. मैं खोली नइं."

चिठ्ठीत लिहिलं होतं, "आपलं उत्तर आलं नाही, तेव्हा पसंत आहे असं समजून कळवून टाकलं. शाळा उघडायच्या आत मुलींना घेऊन पुढे जाते." तिचं काहीच चुकलं नव्हतं. घरात मी 'हो' असं कधी म्हणतच नसे. नापसंत असलं की आवाज चढायचा, आणि गप्प राहिलो की ती कामाला लागायची. पंधरा वर्षांच्या संसारात आमचं असंच ठरलेलं होतं.

रिकाम्या स्वयंपाकघरात उभा राहून मी माझीच तार उघडली. 'हैदराबादच. नाही म्हणून कळव.' मनगटावर चार वाजून गेले होते. मला फार रडू आलं.

आठवड्याने औरंगाबादला पोचलो. स्टेशनवर ती दोन्ही मुलींना घेऊन उभी होती, माहेरच्या गावात जरा उजळलेली. "जिवाला घोर लागला होता हो," ती म्हणाली, "पण बरं झालं. तुम्हालाही हेच हवं होतं ना?"

तार माझ्या खिशात होती. मी गप्प राहिलो. ती हसली आणि माझ्या हातातली पिशवी घेऊन पुढे चालू लागली.