आजींनी सिंहाचे दात पाहिले

सासूबाई पुण्याहून आमच्याकडे जपानात, एदोगावाला राहायला आल्या, तेव्हा त्यांना देवळं, बागा, समुद्र दाखवायचं माझ्या मनात होतं. माझ्या सात वर्षांच्या लेकीने ते सगळं मोडीत काढलं. "आजीला सिंहच दाखवायचा!" आठवडाभर तिने तोच धोशा लावला. शेवटी एका शनिवारी आम्ही तिघी सफारी पार्कला गेलो.

तिथली बस म्हणजे चाकांवरचा पिंजरा. खिडक्यांना काचा नाहीत, नुसती जाळी. सासूबाई बसल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे सिंह मोकळे आणि आपण आत. बरंय."

तेवढ्यात गाइड मुलीने प्रत्येकाच्या हातात लांब चिमटा आणि कच्च्या मांसाची वाटी दिली. सासूबाईंच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. त्यांनी ओढणी नाकाला लावली. मी घाईने त्यांची वाटी माझ्या मांडीवर ओढली.

बस कुरणात थांबली. आयाळवाला एक सिंह सावकाश चालत आला आणि आमच्याच खिडकीशी मागच्या पायांवर उभा राहिला. पंजे जाळीवर. तोंडाचा वास थेट आमच्या तोंडावर.

"कोवाई!" लेक ओरडली आणि माझ्या पाठीमागे दडली. घाबरली म्हणजे जपानीत घाबरते. मी चिमटा उचलला, पण जाळीपर्यंत पोचायच्या आधीच मांस खाली पडलं.

"सरक बघू," म्हणत सासूबाईंनी माझ्या हातातून चिमटा घेतला, नवा तुकडा धरला आणि जाळीजवळ नेला. सिंहाने आ वासला. पण त्या देईनात. मान तिरकी करून आत बघत राहिल्या. आयुष्यभर त्यांनी दातांचा दवाखाना चालवला होता.

"वरचा डावा सुळा तुटलाय गं याचा."

"आई, आधी द्या त्याला!"

"देते की. तोंड मिटलं की काय दिसणार?"

सिंह गुरगुरला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा तुकडा गायब होता आणि सासूबाई त्याला म्हणत होत्या, "शाब्बास. शहाणा आहेस."

गाइडने लेकीला विचारलं, आजींना भीती नाही वाटली? लेकीने माझ्या पाठीमागूनच प्रश्न पोचवला.

"तिला सांग, माझे पेशंट याच्यापेक्षा जोरात चावलेत."

लेकीने ते जपानीत सांगितलं आणि सगळी बस हसली. त्या हशानेच बहुधा तिची भीड चेपली. पुढच्या थांब्यावर एक सिंहीण आली, तेव्हा ती आजीच्या मांडीवर चढली. दोघींनी मिळून चिमटा धरला आणि शेवटचा तुकडा दिला. मी मात्र हाताची घडी घालूनच बसले होते.

उतरल्यावर सासूबाई बेसिनपाशी इतका वेळ हात धूत राहिल्या की मागे रांग लागली.

"खरं तर आंघोळच करायला हवी," त्या म्हणाल्या. "पण आधी चहा पाज."