साक्षगंधाचं घड्याळ

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आमच्या घरात कुणी नाकारत नाही. म्हणूनच साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, सकाळी मी घड्याळाची डबी उघडली आणि माझ्या तोंडून शब्दच निघाला नाही, तेव्हा आई घाबरली.

आधी ते घड्याळ कसलं होतं ते सांगते. माझं लग्न ठरलं होतं. मुलगा आष्टीकडचा, नोकरीला पुण्यात, आणि त्याला घड्याळांचं वेड. फोनवर तासभर बोललो तर त्यातली वीस मिनिटं घड्याळांची असायची. कुठल्या तरी स्वित्झर्लंडच्या घड्याळाचा फोटो त्यानं कॉलेजपासून मोबाइलमध्ये जपून ठेवला होता. ते चकचकीत नव्हतं. पोलादावर एकाच दिशेनं बारीक रेघा ओढलेल्या, त्यामुळे त्याला एक मंद, शांत तेज होतं. फक्त कडेला एक पातळ पट्टी आरशासारखी. "चकचकीत घड्याळ म्हणजे मनगटाला बांधलेला स्टीलचा ग्लास," असं तो म्हणायचा. मला घड्याळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ऐकून ऐकून रेघा, पट्टी, कडा सगळं पाठ झालं होतं.

आमच्याकडे साक्षगंधात मुलीकडून मुलाला घड्याळ देतात. नुसतं देत नाहीत. कपडे, अंगठी, मिठाई यांच्यासोबत ते पितळी ताटात ठेवतात आणि ताट दोन्हीकडच्या बायकांमधून फिरतं. बाया घड्याळ उचलतात, कानाशी नेतात, उलटं करून पाठ बघतात. मी तेव्हा वर्ध्याला एका प्रयोगशाळेत नोकरी करत होते. पगारातून बरेच दिवस पैसे बाजूला टाकत आले होते. द्यायचं तर त्याच्या फोटोतलंच घड्याळ द्यायचं, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. बाबा नव्हते, त्यामुळे दुकानात माझ्यासोबत आईच आली.

नागपूरच्या शोरूममधल्या माणसानं मखमलीवर दोन घड्याळं ठेवली. तबकडी तीच, काटे तेच. एक पूर्ण चकाकणारं आणि दुसरं त्या रेघांचं. आईचा हात सरळ पहिल्याकडे गेला.

"हे घे. थे तं मळकी दिसते."

"आई, ती तशीच असते."

दुकानातला माणूस समजुतीनं बोलला. चकचकीत पोलादावर बोटांचे ठसे उमटतात, बारीकसा ओरखडाही लपत नाही. रेघांच्या घड्याळावर रोजचे ओरखडे रेघांमध्येच जिरून जातात. पुसायचं ते मऊ कापडानं, आणि रेघांच्या दिशेनंच. पट्ट्यात मळ साचला तर कोमट पाणी, थोडा साबण आणि लहान मुलांचा टूथब्रश. "एक गोष्ट मात्र करू नका," तो म्हणाला, "बाहेर कुठेही पॉलिश करायला देऊ नका. मशीनवर धरलं की रेघा जातात आणि कडा गोल होतात. रेघा कंपनी परत ओढून देते. कडा पहिल्यासारखी होत नाही."

हे सगळं आईनं ऐकलं होतं. निदान ती माझ्या शेजारी बसलेली होती.

येताना बस जाम नावाच्या फाट्यावर थांबली तेव्हा आम्ही चहा घेतला. आई कपाकडे बघत होती. ती म्हणाली, "एवढे पैसे टाकून जुन्यासारखी घडी घेतली तुवं. पाहुने काय म्हनतीन?" मी म्हणाले, पाहुण्यांना घालायची नाहीये. हिंगणघाटला घरी पोचलो तेव्हा मला वाटलं की विषय संपला.

साक्षगंधाच्या आदल्या दिवशी ती ब्लाउज आणायला म्हणून बाजारात गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबी उघडली, तर आत स्टीलचा ग्लास.

रेघांचा मागमूस नव्हता. माझा चेहरा त्यात दिसत होता, वाकडातिकडा. कडेची ती पातळ पट्टी बाकीच्या चकाकीत कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते कळत नव्हतं. मी बोट फिरवलं. दुकानात जी कडा नखाला लागली होती, ती आता साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत झाली होती.

"चमकवून आनली," आई दारातून म्हणाली. "सोनाराकडं मोटर हाय ना, त्यानं चांदीच्या वाट्या करतो तशी करून देली."

मग मात्र माझं तोंड सुटलं. काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. तुला कळत नाही तर हात कशाला लावतेस, हे त्यातलं सौम्य वाक्य. तो बघताक्षणी ओळखेल, त्याला वाटेल मी त्याचं काही ऐकलंच नाही, आता काय सांगू त्याला, असं मी बोलतच सुटले. आई स्वयंपाकघरात पाटावर बसली. माझा श्वास संपला तेव्हा ती बोलली, आणि तेही माझ्याकडे न बघता.

"माह्या साक्षगंधात माह्या बापानं घडी देली होती. कोनाची तरी वापरलेली घेतली होती त्यानं, पट्टा नवा टाकला होता. ताट फिरलं. तुह्या बापाच्या मामानं घडी उलटी केली. पाठीवर खरोटे होते. सगळ्यायच्या समोर म्हने, वापरलेली दिसते. माहा बाप हात जोडून उभा राह्यला. तुहा बापई काही नाई बोलला. तेवढ्यासाठी थे जेवन मले अजून आठवते."

कापसाच्या जिनिंगमध्ये काम करणारे माझे आजोबा मला फोटोपुरतेच माहीत. हात जोडलेला त्यांचा फोटो कुठेच नाही, पण त्या क्षणी तो मला दिसला. माझा राग गेला नाही. राग तसाच होता, फक्त तो आईवर काढणं आता शक्य नव्हतं, आणि हे फार वाईट असतं. दुपारी पाहुणे येणार होते. हे आष्टीत कळलं तर बायका पिढ्यानपिढ्या हसणार, की विहीणबाईनं स्विस घड्याळ भांड्यासारखं घासून आणलं. आणि ते हसू फिरत फिरत एक दिवस आईच्या कानावर येणार. तसं होऊ द्यायचं नाही, एवढं मी ठरवलं. कसं, ते ठरवायला वेळ नव्हता.

हॉलमध्ये त्रिशरण-पंचशील झालं. मग ताट निघालं. मी खुर्चीत बसल्या बसल्या त्या ताटाकडे बघत होते, आणि आई भिंतीशी उभी राहून बघत होती. तिनं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. ताट एकीकडून दुसरीकडे सरकत मुलाच्या आत्याकडे आलं. आत्यानं घड्याळ उचललं. उलटं केलं. डोळ्यांजवळ नेलं.

"नवीकोरी हाय वो," आत्या म्हणाली. "चमकून राह्यली पाहा कशी."

बायकांनी माना डोलावल्या. आईच्या मुठीतून पदर सुटला. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, आणि मला एकाच वेळी रडू आणि संताप आला.

शेवटी घड्याळ त्याच्या मनगटावर चढलं. त्यानं हात उजेडाकडे वळवला. हसू चेहऱ्यावर तसंच होतं, फक्त अंगठा कडेवरून हळूहळू फिरला, परत फिरला आणि थांबला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. फोटोग्राफर म्हणाला, इकडे बघा, आणि आम्ही दोघांनी तिकडे पाहिलं.

जेवणानंतर बेसिनपाशी त्यानं मला गाठलं.

"हे कोणी केलं?"

"मी."

"का?"

"चमकदार बरं दिसेल, असं वाटलं."

तो हात पुसत राहिला. "मी तुला किती वेळा सांगितलं होतं," एवढंच म्हणाला. आवाज चढवला असता तर मी भांडले असते, भांडण मला जमतं. त्यानं चढवला नाही. पुढचे कित्येक दिवस त्याचे फोन छोटे होते, आणि त्या फोनांत घड्याळाचा शब्द नव्हता. हा माणूस आता लग्नाचा फेरविचार करतोय, या भीतीनं मला झोप लागत नसे. खरं सांगून टाकावं असं रोज वाटायचं. मग आईचा तो चेहरा आठवायचा आणि मी त्याला आष्टीला पाऊस झाला का, असलं काहीतरी विचारायचे.

लग्न झालं. घड्याळ तो घालायचा, पण हौसेनं नाही. चकचकीत पोलादावर ओरखडे यायला वेळ लागत नाही. बसचा दांडा, दाराची कडी, लॅपटॉपचा काठ, सगळ्यांनी आपापली खूण ठेवली. रविवारी तो मऊ कापड घेऊन बसायचा, पुसायचा, आणि ओरखडे अजूनच स्पष्ट दिसायचे. मला तिथून उठून जावंसं वाटायचं.

या हिवाळ्यात आम्ही हिंगणघाटला आईकडे आलो. त्यानं ठरवलं होतं की दुसऱ्या दिवशी नागपूरला जाऊन घड्याळ कंपनीच्या सर्व्हिसला द्यायचं आणि रेघा परत ओढून घ्यायच्या. मी गाडीत दोनदा म्हटलं, राहू दे ना. त्याला वाटलं मी पैशांसाठी म्हणते. मला दिसत होतं की घड्याळ चमक जाऊन परत आलं की आई विचारणार.

तिनं ते न्यायच्या आधीच विचारलं. संध्याकाळी तो डबी बंद करत होता.

"काऊन काढून ठेवली घडी, जवाईबापू?"

"ओरखडे पडले, आई. नागपूरला दुरुस्तीला देतो."

"तिकडं कायले नेता? आमच्या सोनाराकडं द्या. मागं मीच तं गेलती घेऊन, साक्षगंधाच्या आदल्या दिवशी. कशी आरशावानी करून देली होती."

त्याचे हात डबीवरच थांबले. आईनं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काऊन? काही चुकलं काय माह्याकून?"

"काही नाही, आई," मी म्हणाले, आणि फार घाईनं म्हणाले.

"पण ही तर म्हणाली होती, तिनंच पॉलिश करून आणलं," तो म्हणाला.

"इनं? इनं तं त्या सकाळी मले खाऊ का गिळू केलं."

मग लपवण्यासारखं काही उरलं नाही. तो मला म्हणाला, "मग माझ्याशी खोटं का बोललीस?" आई समोर बसलेली असताना मला उत्तर द्यावं लागलं. "आईला कुणी हसू नये म्हणून."

आईनं डबी ओढून घेऊन उघडली. "खराब झाली काय माह्यानं?" तिनं त्याला विचारलं. तो खोटं बोलेल तर बरं, असं मला वाटत होतं. तो खोटं बोलला नाही. त्यानं तिला नीट सांगितलं की रेघा परत येतील, ही कडा मात्र पूर्वीसारखी येणार नाही. आई घड्याळाच्या कडेवरून नख फिरवत राहिली. मग तिनं डबी बंद करून त्याच्या हातात दिली.

"न्या. जशी होती तशी करून आना. आता कोनाले दाखवाची हाय."

सकाळी तो नागपूरला गेला. आम्ही दोघी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसलो. त्यानं निघताना माझ्या डोक्यावर टपली मारली होती, त्यामुळे माझं मन हलकं होतं, आणि आईचंही असावं असं मी धरून चालले होते.

"माह्या बापाच्या बाजूनं त्या दिवशी कोनीच नाई बोललं," ती म्हणाली. "मी नेहमी म्हनते, तुहा बाप नाई बोलला, तुही आजी नाई बोलली."

तिनं सोललेले दाणे सुपात टाकले.

"मी तं तिथंच बसली होती. पोरगी असून मी एक शब्द नाई बोलली."