शेऱ्याचा रकाना भरणारी नाहिद

रक्ताचा रिपोर्ट मोबाईलवर आला तेव्हा तुम्ही लॅबवाल्याला एकदा तरी विचारलं का, की हा आणखी कोणाकोणाला दिसून राह्यला? नाही विचारलं. साखर किती ते पाहिलं, मोबाईल खिशात टाकला आणि चहा प्यायला गेलात. तो रिपोर्ट सांभाळत कोणी बसलं आहे, हे तुमच्या गावीही नव्हतं.

सांभाळणारीचं नाव नाहिद. बोरी अरबची. रोज एसटीनं यवतमाळला येऊन एका ठेकेदार कंपनीत बसायची. कंपनीचं नाव लिहू नका असं ओळखीचा एक वकील म्हणाला म्हणून लिहीत नाही. वकिलाचं ऐकायची माझी ही पहिलीच वेळ. या कंपनीकडं एका मोठ्या लॅबचं काम होतं. रिपोर्ट साठवलेली यंत्रं नागपूरच्या डेटा सेंटरमध्ये, आणि त्यांचा फायरवॉल, म्हणजे कोणाला आत सोडायचं अन् कोणाला दारातूनच हाकलायचं ते ठरवणारी व्यवस्था, यवतमाळात नाहिदच्या स्क्रीनवर.

मी तो स्क्रीन पाहिला आहे. तलाठ्याच्या तक्त्यासारखा दिसतो. एक ओळ म्हणजे एक नियम: कुठून येणार, कोणत्या यंत्राकडं जाणार, सोडायचं की अडवायचं. वरून खाली वाचायचं. जो नियम आधी लागू पडला तोच चालतो, खालचे गुमान बसतात. सगळ्यात शेवटी एकच ओळ असते, बाकी सगळ्यांना बंद. पण वर कोणी 'कुठूनही येऊ द्या' असं लिहिलं, की ती शेवटची ओळ मेली म्हणून समजा.

नियमाच्या टोकाला शेऱ्याचा रकाना असतो. तो कोणी भरत नाही. नाहिद भरायची. तिचे अब्बा रहमतभाई दारव्ह्यात भांड्यांच्या दुकानापुढं बसून स्टीलवर नावं टाकतात. कोणाकडून, कोणाला, कशानिमित्त, तारीख. देणाऱ्याचं नाव सांगितल्याशिवाय ते मशीन सुरू करत नाहीत, मग गिऱ्हाईक कितीही घाईत असो. पोरीनं तेच घेतलं. कोणी सांगितलं, कोणासाठी, किती दिवसांकरिता, हे लिहिल्याशिवाय ती नियम सेव्ह करायची नाही. शेजारच्या टेबलावरची अंजू तिला भांडेवाली म्हणायची. "टाक बाई नाव, टाक. परात कोणाची हाय आज?" सगळे हसायचे, नाहिदही हसायची.

चौदा मार्चला दुपारी कंपनीचे मालक बबनराव यांचा फोन आला. लॅबच्या एका वजनदार डॉक्टरला घरून रिपोर्ट पाहायचे होते. नाहिद म्हणाली, त्यांच्या घरच्या इंटरनेटचा पत्ता द्या, तेवढाच सोडते. तो पत्ता रोज बदलतो म्हणे. मग सगळ्यायलेच उघड, दोन दिवसांचं तर काम हाय, असं बबनराव बोलले. फोन स्पीकरवर होता. अंजूनं ऐकलं, आणखी तिघांनी ऐकलं. नाहिदनं नियम सगळ्यात वर टाकला आणि शेरा भरला.

दोन दिवसांचे चार महिने झाले. जुलैत कोण्या अनोळखी माणसाला ते उघडं दार सापडलं. भला होता म्हणून त्यानं रिपोर्टांचे फोटो काढून लॅबलाच पाठवले. लॅब बबनरावांवर धावली, आणि बबनरावांना काही म्हणता काही आठवेना. नाहिदचं लॉगिन त्याच दिवशी बंद केलं. एक कागद पुढं सरकवला: माझ्या निष्काळजीपणामुळे हे घडले. सही कर, नाहीतर पोलीस. तिनं केली नाही.

रहमतभाईंची माझी जुनी ओळख, त्यांनी मला बोलावलं. मी आधी पोरीवरच चिडलो. दोन दिवस झाल्यावर नियम बंद करायचं एका क्लिकचं काम होतं, काहून नाही केलं?

ती म्हणाली, "एकदा केलतं काका. जानेवारीत एका नियमाची मुदत संपली म्हणून मी आपल्या मनानं बंद केला. सरांनी साऱ्या हापिसासमोर उभं केलं मले. म्हणे, तुले इथं मालकी करायले ठेवलं का? त्याच्यानंतर हातच नाही उचलला."

यावर ज्याच्याकडं उत्तर असेल त्यानं ते स्वतःजवळ ठेवावं.

मग कंपनीत बैठक लागली, तिला लॅबकडून प्रेरणा नावाच्या इंजिनीअर बाई नागपूरहून आल्या. बाहेरच्याला परवानगी नाही, असं बबनराव मला म्हणाले. मी खुर्ची ओढली आणि बसलो. बबनरावांनी नियमांची यादी प्रोजेक्टरनं भिंतीवर लावली. नियम कोणी केला, तिथं नाहिदचं नाव. संपलं, म्हणाले.

नाहिद एवढंच म्हणाली, "मॅडम, यांनी शेऱ्याचा रकाना लपवून ठेवला. तेवढा उघडा."

त्यात फालतू मजकूर आहे, असं बबनराव सांगत होते तोवर प्रेरणाबाईंनी लॅपटॉप स्वतःकडं ओढला. भिंतीवर आलं: बबनराव सरांच्या फोनवरून, डॉक्टरसाहेबांना घरून रिपोर्ट पाहण्यासाठी, दोन दिवसांकरिता, १४ मार्च, दुपारी ३.१०. त्याखाली: १७ मार्च, बंद करू का विचारले, राहू दे म्हणाले. २ एप्रिल, विचारले, राहू दे. २० मे, विचारले, उत्तर नाही. बाईंनी यंत्राची नोंदही तपासली. चारही ओळी त्या त्या दिवशीच लिहिलेल्या होत्या.

मला वाटलं, जिंकलो. मी त्या माणसाला ओळखलंच नव्हतं. बबनराव मागं रेलले आणि शांतपणे बोलले, "म्हणजे तुले माहीत होतं. माहीत असून चार महिने उघडं ठेवलं. हे तर निष्काळजीपणापेक्षाही वाईट झालं."

"हो, मले माहीत होतं," नाहिद म्हणाली. "तुमालेही होतं. म्या लिहिलं, तुम्ही लपवलं."

त्या खोलीत फोन ऐकलेले चौघंही बसले होते. अंजू नखं पाहत होती. बाकीचे मोबाईल.

प्रेरणाबाईंनी तिथंच तो नियम काढून टाकला आणि पोलिसांची गरज नाही असं लॅबच्या वतीनं लेखी दिलं. पण तिसऱ्या दिवशी बोरी अरबला टपालानं पत्र आलं: निष्काळजीपणामुळे सेवेतून कमी करण्यात येत आहे. हा एक शब्द घेऊन ती कुठंही गेली तर कोणी तिला फायरवॉलला हात लावू देणार नाही. रहमतभाई म्हणाले, बेटा, दुसरं काही कर. तिनं मान हलवली. नोकरी गेली तर गेली, म्हणाली, पण हा शब्द काढून पाहिजे.

आम्ही अर्ज टाकला. येत्या बुधवारी, सकाळी अकराला, यवतमाळच्या कामगार कार्यालयात तारीख आहे. ते चौघं येणार नाहीत, त्यांना नोकरी टिकवायची आहे. बबनराव मात्र वकिलासह पाच माणसं आणणार, आणि समोर नाहिद, रहमतभाई अन् मी. म्हणून तुम्ही या. साक्ष देऊ नका, घोषणा देऊ नका, बोलायची तुम्हाला सवय नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. फक्त अकराच्या आधी येऊन तिच्या बाजूच्या खुर्च्यांवर बसा, आणि निकाल लागेपर्यंत उठू नका.