बंबात न गेलेला मग

संजनाला लाकूड कातायची लेथ शिकवली ती तिच्या वडिलांनी, सहादूंनी. मुलगा नव्हता म्हणून नव्हे, मुलीचा हात बसला म्हणून. सायखेड्याला लाटणी आणि पाळण्याचे दांडे कातण्यात सहादूंचा जन्म गेला. संजना लग्न होऊन नाशकात आली आणि अंबडजवळच्या कॉलनीत, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये प्रवासाचे मग कातू लागली. बाहेरून लाकूड, आत स्टीलचा पेला, वर घट्ट बसणारं झाकण. गाडीत न्या, चहा गरम राहतो आणि हाताला चटका बसत नाही.

तिची एक पद्धत होती. कातलेला मग ती लगेच विकत नसे, बरेच दिवस फळीवर पडू देई. लाकूड आतून ओलं असलं तर तेवढ्यात केसासारखी चीर दिसतेच. चीर दिसली की तो मग अंघोळीच्या बंबात जळायला. नाही दिसली, तरच पॉलिश करून तापवलेल्या लोखंडी शिक्क्याने बुडाला नाव डागायचं: संजना.

चिरलेले मग बंबात घालायचं काम सासूबाईंचं. विमलाबाई म्हणायच्या, "सागवानाच्या पाण्यानं अंघोळ करणारी आख्ख्या नाशकात मी एकटीच. राणी म्हण मला." दोघी हसायच्या. नवऱ्याची, बुद्धभूषणची, कंपनीतली नोकरी गेल्यावर विक्री तो बघू लागला. गिऱ्हाइकांना सांगायचा, "माल पास करणारी इन्स्पेक्टर आपल्या घरातच आहे." ते ऐकून संजना लाजायची, पण तिला ते आवडायचं.

रविवारी सकाळी पायल मॅडम आल्या. शाळेत शिकवायच्या, संजनाचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. बसा म्हणायच्या आत त्यांनी पिशवीतून मग काढून टेबलावर ठेवला.

"संजना, आमच्या मोठ्या बाईंना निरोपसमारंभात हा दिला. सगळ्या स्टाफसमोर त्यांनी चहा भरून उचलला आणि लाकूड उभं तडकलं. आतला पेला निसटून मांडीवर."

"अगं बाई! भाजलं?"

"फोड आलाय. आणि मी छातीठोकपणे सांगितलं होतं, संजनाचा माल आहे, डोळे झाकून वापरा."

संजनाने मग हातात घेतला. तडकलेल्या जागी फेव्हिकॉलमध्ये कालवून चिरेत भरलेला भुसा दिसत होता. शेजारची काळी गाठ तिने लगेच ओळखली. हा तिने स्वतः बंबाच्या टोपलीत टाकला होता. तिने बूड पाहिलं. नाव होतं. जरा जास्तच खोल डागलेलं.

ती काही बोलायच्या आत बुद्धभूषण पुढे आला. "सॉरी मॅडम. हिचं हल्ली लक्ष नसतं, घाईत पास केला असेल. मी बदलून देतो ना." आणि कपाटातला तयार मग त्याने मॅडमच्या हातात दिलासुद्धा.

संजनाने सासूकडे पाहिलं. विमलाबाई मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. तेवढ्यावरून तिला कळलं.

मॅडम बाहेर पडल्या तशी ती म्हणाली, "शिक्का कोणी मारला?"

"हळू बोल. ऑर्डरला थोडे कमी पडत होते. एवढं चांगलं लाकूड जाळायचं, पटतं तुला?"

"आणि माझं लक्ष नसतं?"

"तर काय सांगू? मी मारला म्हणून? माझ्याकडून परत कोणी काही घेईल का?"

"आई, तुम्ही दिलेत?"

"त्यानं मागितले, मी दिले," विमलाबाई म्हणाल्या. "नोकरी गेल्यापासून तोंड पाडून बसलेला असायचा गं. पोटचं लेकरू हाय. तुला काय, तू घेशील समजून, असं वाटलं."

संजना तशीच बाहेर धावली. पायल मॅडम कोपऱ्यावर रिक्षासाठी उभ्या होत्या.

"मॅडम, तो मग मी काढून टाकला होता. नाव मी नाही डागलं."

"कोणी डागलं?"

"घरातल्यांनी."

मॅडमनी हातातला नवा मग उलटा करून पाहिला. "आणि हा?"

संजनाने तो घेतला, उजेडात फिरवला, अंगठा चौफेर घासला. पॉलिशखाली काय भरलंय ते कळेना. आपल्याच मगाबद्दल तिला सांगता येईना. "नका नेऊ हा," ती म्हणाली. रिक्षा आली, मॅडम रिकाम्या हाताने बसल्या.

घरी आल्यावर तिने गॅसवर मोठं पातेलं चढवलं. पाणी उकळलं तसे कपाटातले सगळे तयार मग ओट्यावर आणून मांडले.

"काय करतेस?" बुद्धभूषण धावत आला. "फेव्हिकॉल सुटेल हे खरं, पण चांगल्यांचंही पॉलिश जाईल. मातेरं होईल सगळ्याचं!"

"चांगले कोणते ते सांगा. तेवढे बाजूला ठेवते."

त्याने ओट्यावरून नजर फिरवली. एक उचलला, ठेवला. दुसऱ्याकडे हात नेला आणि आईकडे पाहिलं. विमलाबाई उठून आत गेल्या.

संजनाने पहिला मग पाण्यात सोडला.