तांड्यानं ऐकलेले बारा शब्द

यवतमाळहून आर्णीची एसटी निघाली तेव्हा मी चांगल्याच तोऱ्यात होतो. क्रिप्टोनं गरिबांचं भलं होतं, याचा पुरावाच बघायला निघालो होतो ना! पुण्यातल्या मित्रानं सांगितलं होतं, आखातात गवंडीकाम करणारा एक बंजारा याच वाटेनं घरी पैसे धाडतो, मधला दलाल उपाशी. आर्णीच्या पुढं ऑटोतून उतरताना चपलेचा अंगठा तुटला. कपाशीच्या कडेकडेनं अनवाणीच तांड्यावर (बंजारा वस्ती) पोचलो.

गवंड्याची बायको सुनीता. तिनं गरम बाटी (ज्वारीची भाकरी) आणि ठेचा वाढला. तिची सासू, जिला सगळे याडी (आई) म्हणतात, उंबऱ्यात बसली होती. माझ्या आवाजाच्या रोखानं तिनं रामराम केला. तिला काचबिंदू. उरलेली नजर वाचवायची तर लवकर ऑपरेशन करा, असं डॉक्टरनं बजावलं होतं.

पैसे खरंच मिनिटात यायचे, सुनीता म्हणाली. ऑपरेशनसाठी ते मोबाइलमधल्या पाकिटात साठत होते. पाकिटाची किल्ली म्हणजे बारा इंग्रजी शब्द. ज्याला शब्द ठाऊक, पाकीट त्याचं. नवऱ्यानं ताकीद दिली होती, कोणाला सांगू नको. तरी हिनं ते तांड्यात सांगितले.

"मग सांगितले कशाला?" मी चिडूनच विचारलं.

"मोबाइल हरपला तर? अन् आमच्यात लपवलेलं टिकत नाही, भाऊ. नायकाच्या अंगणात पाच लोकायसमोर बोललं, का ते जपलं समजा."

नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख. सोयरीक, वाटणी, भांडण, सारं त्याच्या अंगणात चारचौघांच्या कानावर घालायचं, ही पिढ्यांची रीत. सुनीतानं तिथं बारा शब्द मोठ्यानं वाचले. आठवड्यात पाकीट रिकामं. पोलिसांनी विचारलं, बँक कोणती? काय कपाळ सांगणार!

मला भयंकर राग आला, पण कोणाचा ते कळेना. नायकाला भेटलो. चोर सापडला नाही, म्हणाला, आणि तेव्हापासून अंगणात कोणी बसत नाही.

निघताना आखातातून याडीच्या मुलाचा फोन आला. याडी गोरबोलीत (बंजारा बोलीत) हसतहसत बोलू लागली. सुनीता मला हळूच म्हणाली, "पैसे गेलेले त्यायले सांगितलंच नाही. काम सोडून येतील. ऑपरेशन झालं म्हणून सांगितलं. आता विचारून राह्यले, दिसते का."

"मग याडी काय म्हणतात?"

"सगळं दिसते म्हणते. फोटोत तू वाळलेला दिसतो म्हणते."

परतीच्या एसटीत मित्राचा फोन आला. होतो ना रे फायदा? होतो, म्हणालो, पैसे मिनिटात येतात. पण तुझं ते पाकीट एकट्या माणसासाठी केलेलं आहे. त्या तांड्यात एकटं कोणीच राहत नव्हतं. आता सगळेच राहतात.