पोचवायला आलेली माणसं

पालिकेच्या विभाग कार्यालयात एक रीत आहे. निवृत्त होणाऱ्याला सहकारी घरापर्यंत पोचवतात. समारंभात शाल, म्हैसुरी पेटा आणि फळांची करंडी दिली जाते. मग दोन-तीन गाड्यांतून सगळे त्याच्या घरी जातात, खातात आणि त्याला घरच्यांच्या स्वाधीन करून परततात. कोणाबरोबर किती माणसं गेली, याची चर्चा नंतर बरेच दिवस चालते. वडिलांनी नोकरीत अनेकांना असं पोचवलं होतं.

त्यांच्या वेळी कोणी येणार नाही, हे आईला आदल्या संध्याकाळी कळलं.

वडील लेखा विभागात होते. पावसाळी नाल्यांचा गाळ काढल्याचं एक बिल त्यांच्या टेबलावर आलं. हजेरीपटावर मजूर होते आणि नाल्यात गाळही तसाच होता. त्यांनी बिल अडवलं, पुढे चौकशीत साक्ष दिली. हजेरीपटावर सह्या केलेले कामगार संघटनेचे दोन सभासद निलंबित झाले. ठेकेदाराला दुसऱ्या विभागात काम मिळालं. वरचे सुटले आणि आपली माणसं अडकली, असं संघटना म्हणाली. ते खरं होतं. त्याच सुमारास निधी नाही म्हणून सफाई कामगारांचे पगार रखडले होते आणि असल्या बिलांतूनच तो निधी जात होता, असं वडील म्हणाले. तेही खरं होतं. ते पगार शेवटी संघटनेनंच धरणं धरून मिळवले. त्या धरण्यात वडीलही बसले होते, थोडे बाजूला.

संघटनेचे शाखाध्यक्ष जयनगरात आमच्याच गल्लीत राहतात. फोन त्यांचा होता. आईनं तो स्पीकरवर ठेवला होता. तिचे हात पिठात होते.

"अक्का, उद्या फार काही करू नका. बैठकीत ठरलंय, घरी कोणी यायचं नाही."

"तुम्हीपण नाही?"

"मी अध्यक्ष आहे, अक्का."

"परवा चकल्या मागायला आलात, तेव्हा कोण होतात?"

तिनं उत्तराची वाट बघितली नाही. "सरी," म्हणजे बरं, असं कन्नडमध्ये म्हणून आईनं कोपरानं फोन बंद केला.

वडील गच्चीवरून खाली आले. "शेजारून खुर्च्या आणू का?" त्यांनी विचारलं.

"आहेत त्या पुरतील," आई म्हणाली. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई ठेवणीतली इरकल नेसली आणि मला म्हणाली, "चल." आम्ही कार्यालयाच्या सभागृहात मागच्या रांगेत बसलो. एका अधिकाऱ्यानं प्रामाणिकपणावर भाषण केलं आणि कोणत्याही प्रकरणाचा उल्लेख येऊ दिला नाही. हार, शाल, पेटा झालं. मग कोणीतरी 'चला' म्हणायची वेळ आली. लोक मोबाइल बघू लागले. वडिलांनी करंडी स्वतःच उचलली.

आई उठली. बाजारात बोलते त्या कन्नडमध्ये म्हणाली, "मी यांना पोचवायला आले आहे."

कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

"तुला कोणी बोलावलं?" वडील मराठीत म्हणाले.

"इतकी वर्षं सकाळी दारापर्यंत मीच पोचवते. आज इथून घरी, एवढाच फरक."

जिन्यात शाखाध्यक्षांनी मागून येऊन वडिलांच्या हातातली करंडी घेतली. "ठराव घरी न जाण्याचा आहे," ते म्हणाले. "फाटकापर्यंतचं काही ठरलेलं नाही."

"म्हणजे ठराव नीट लिहिला नाही तुम्ही."

"आधी ठराव तुम्हीच लिहायचात, अण्णा. आता कोण उरलंय?"

वडील शाखाध्यक्षांच्या चालीनं चालू लागले. मागे पावलं वाजत होती. फाटकाशी वळून पाहिलं तर लेखा विभागातले बरेचजण आतल्या बाजूला उभे होते. कोणी बाहेर आलं नाही. कोणी परत गेलंही नाही. शाखाध्यक्षांनी फाटकाच्या आत उभं राहूनच हात लांब करून करंडी ऑटोत ठेवली.

पेटा आणि हार बघून ऑटोवाल्यानं विचारलं, "काय अण्णा, लग्न?"

"रिटायर झालो," वडील म्हणाले. "स्वल्प हळू घ्या. पोचवायला माणसं आली आहेत."

आईनं त्यांचा पेटा सरळ केला. ऑटो हळू निघाली, आणि मागच्या बसनं हॉर्न वाजवला तरी चालकानं वेग वाढवला नाही.