सोलापुरात वन्स मोअर अडला

मालकांचं गाणं संपलं आणि वन्स मोअर आला नाही.

मी ऑर्गनचा सूर तसाच धरून ठेवला. पाय भात्यावर, डोळे मालकांवर. मालक दोन्ही हात पसरून, मान वर करून उभे. गाणं संपल्यावर असंच उभं राहायचं असतं. मग पिटातून, म्हणजे मागच्या स्वस्त बाकांवरून, 'वन्स मोअर'ची आरोळी उठते. नट आश्चर्य वाटल्यासारखं करतो, आणि अख्खं गाणं पुन्हा पहिल्यापासून. इथं आरोळीच उठेना. मालकांचे पसरलेले हात हळूहळू खाली यायला लागले. देह भारी होता, फार वेळ असं उभं राहणं त्यांना झेपत नसे.

तेवढ्यात पिटातून आवाज आला, "आता तिला बोलू द्या की!"

मी मान खाली घातली. कारण वन्स मोअर आणणं हे माझं काम होतं.

लोकांना वाटतं, वन्स मोअर आपोआप येतो. काही येतात. बाकीचे आणावे लागतात. नाटक नवं असलं की गावोगाव पिटात आपली दहाबारा माणसं फुकट पासावर बसवायची. गाणं संपलं की ऑर्गनवाल्याने सूर लांबवायचा, ही खूण. खूण ऐकली की त्यांनी ओरडायचं. मग बाकीचे मेंढरासारखे मागून ओरडतात. आमच्या मालकांची नाटकाची परीक्षा एवढीच. गाण्यांना वन्स मोअर आले, नाटक चांगलं. नाही आले, पेटीवाला वाईट.

आणि पेटीवाला मी. मराठी चौथीतून शाळा सोडून, भजनात पेटी वाजवता वाजवता देवगडकडून मालकांच्या या नाटक कंपनीत आलेलो. मालकांनी मला दोन वेळचं जेवण दिलं, अंगावर कपडा दिला, वाजवायला ऑर्गन दिला. त्याबद्दल मी आजही त्यांना हात जोडतो. पण त्या नाटकाच्या आधी त्यांनी मला बजावलं होतं, "कोकण्या, हे नाटक सोलापुरात पडलं तर तू तुझ्या नारळांत परत." सोलापुरातून कोकण किती लांब, हे नकाशावर कळत नाही. ताटात ज्वारीची भाकरी आणि शेंगांची चटणी आली की कळतं. तरी मला परत जायचं नव्हतं. तिथं माझी कुणी वाट बघत नव्हतं.

नाटकाचं नाव 'संगीत दारची भिक्षा'. गोष्ट साधी. नवरा वैराग्य आलं म्हणून बायको आणि दोन पोरं टाकून निघून जातो. बारा वर्षांनी गोसाव्याच्या वेषात आपल्याच दारी भिक्षेला येतो, आणि दारात उभा राहून पश्चात्तापाचं गाणं म्हणतो. बायको त्याला ओळखते. काही बोलत नाही. सुपातले जोंधळे त्याच्या झोळीत घालते आणि दार लावून घेते. पडदा. नवरा अर्थात आमचे मालक. वैराग्य आलेल्या माणसाचं पोट एवढं कसं, हे विचारायची कंपनीत कुणाची छाती नव्हती. बायकोचं काम गणपतराव करायचे. तेव्हा बायकांची कामं पुरुषच करत, त्यांना स्त्रीपार्टी म्हणायचे. गणपतराव बाहेर विड्या ओढत आणि शिव्या देत, पण पदर डोक्यावर आला की माझीसुद्धा मान खाली जाई.

तर त्या रविवारी दुपारी सूर लांबवून लांबवून माझ्या पायाला गोळे आले आणि वन्स मोअर आला नाही. पुढच्या खुर्च्यांवर वकील, डॉक्टर, सावकार मंडळी रुमालाने डोळे टिपत होती. रडत होती कोणासाठी? तर मालकांसाठी! बायकापोरं टाकून गेलेला माणूस चार ताना घेतो काय, आणि हे त्याच्यासाठी नाक शिंकरतात काय! ओरडणं त्यांना कमीपणाचं वाटे. ओरडायला पिट असतं.

गणपतरावांनी जोंधळे घातले, दार लावलं. खुर्च्यांतून "छे छे" असं ऐकू आलं. पिट उठून उभं राहिलं. आणि डाव्या बाजूला चिकाच्या पडद्यामागे, जिथं बायका बसत, तिथून टाळ्या आल्या. बांगड्यांसकट. नाटकात बायका टाळ्या वाजवत नसत. मी तरी तोवर ऐकल्या नव्हत्या.

पडदा पडताच मालक भगव्या कफनीतच माझ्या अंगावर आले.

"कुठं मेली तुझी माणसं?"

"होती मालक. बसलेली होती."

"मग मुकी होती का?"

मी नरसय्याला गाठलं. नरसय्या गिरणीत जॉबर, म्हणजे साच्यांवरच्या कामगारांचा मुकादम. पास मी त्याच्याच हाती दिले होते. घरी तेलुगू बोलायचा, माझ्याशी सोलापुरी मराठी. दोन्ही ठसक्यात.

"नरसय्या, काय केलंत हे? खूण ऐकली नाही?"

"ऐकली की. लई येळ ऐकली."

"मग?"

"मास्तर, त्यो मानूस पोरं टाकून पळाला. आनि वर दारात हुबा राहून गातोय. त्याला पुन्यांदा गा म्हनून कोन सांगंल?"

"अहो, ते नाटक आहे!"

"म्हनूनच गप बसलो. खरा असता तर हानला असता." त्याने खिशात हात घातला. "पास पायजे तर परत घ्या. पर त्याच्यासाठी आमी वरडनार न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी शुक्रवार पेठेत आमच्या बिऱ्हाडी वकीलसाहेब आले. मागे डॉक्टर आणि आणखी दोघे. सोलापुरात नाट्यकलेचं भलं यांच्याच हातात आहे, असं त्यांचं त्यांनी ठरवलेलं होतं. मालकांनी गादी झटकली, चहा मागवला.

"नाटक उत्तम," वकीलसाहेब म्हणाले. "तुमच्या गाण्याला मी स्वतः रडलो."

"आपली रसिकता," मालक म्हणाले.

"फक्त शेवट बदला. पती दारात आला आहे, पश्चात्ताप करतो आहे, आणि पत्नी तोंडावर दार लावते? ही आपली स्त्री नव्हे."

"बाहेर हेच बोललं जातंय," डॉक्टर म्हणाले. ते बाहेर कुठं गेले होते, देव जाणे.

गणपतराव कोपऱ्यात दाढी करत होते. वस्तरा न थांबवता म्हणाले, "साहेब, घरी विचारलंत का?"

"काय?"

"म्हणजे बाईसाहेबांना. त्यापण होत्या की पडद्यामागे."

वकीलसाहेब हसले. "बायकांना नाटकातलं काय कळतं? त्या शालू बघायला येतात."

झालं. दुपारपर्यंत शेवट बदलला. बायको झोळी बघताच नवऱ्याच्या पायांवर कोसळते, अश्रूंनी पाय धुते, नवरा तिच्या मस्तकावर हात ठेवून तेच गाणं म्हणतो. नाटककार पुण्यात होता. शेवट बदलला तर नाटककाराला कळवायचं असतं, ही पद्धत आमच्या कंपनीत नव्हती.

"आता वन्स मोअर आला नाही," मालक मला म्हणाले, "तर सोमवारची गाडी तुझी."

मी पुन्हा नरसय्याकडे गेलो. गिरणीचा भोंगा झाला होता, माणसं कापसाचे तंतू झटकत बाहेर पडत होती. मी त्याला खरं ते सांगितलं. वन्स मोअर नाही तर नोकरी नाही. घरी तोंड दाखवायची सोय नाही.

त्याने मला खालून वर पाहिलं. "आई हाय का?"

"नाही."

"बाप?"

"आहे. नसल्यासारखा."

"हं." त्याने बाहीवरचे तंतू झटकले आणि म्हणाला, "वरडतो. तुमच्यासाठी, त्याच्यासाठी न्हाय. पर आमची कारभारीन बायकांत बसती. तिनं ऐकलं तर घरात भाकर मिळायची न्हाय."

"काहीतरी करा."

"बघतो की."

रविवार आला. थिएटर भरलं. पत्र्याचं छप्पर तापून वरून भट्टी पेटवल्यासारखं झालेलं. पहिले दोन अंक नीट गेले. शेवटी मालक दारात आले, गणपतरावांनी त्यांना ओळखलं आणि तोंड वाकडं करून पायांवर पडले. मालकांनी डोळे मिटले आणि तान घेतली. तान घेताना त्यांचे डोळे नेहमीच मिटलेले असत. स्वतःचं गाणं ऐकायला त्यांना दुसऱ्या कशाचा अडथळा चालत नसे.

चिकाच्या पडद्यामागे खुर्च्या सरकल्या. आधी एक, मग चार, मग सगळ्याच. लहान पोरं रडायला लागली, त्यांना कुणी दटावलं. बायकांचं दार वेगळं होतं, ते उघडलं तसा उन्हाचा पट्टा आत आला. पायताणांचे आवाज बाहेर पडत राहिले. उठल्या आणि गेल्या.

थोड्या वेळाने आमचा डोअरकीपर वाकत वाकत पुढच्या खुर्च्यांपाशी आला आणि वकीलसाहेबांच्या कानाला लागला. मी जवळच होतो, मला ऐकू आलं.

"बाईसाहेब टांग्यात बसल्यात. चला म्हणतात."

"गाणं चालू आहे, सांग."

"सांगितलं. टांगा हाकायला सांगू का, विचारतात."

वकीलसाहेब उठले. छत्री घेतली, पागोटं सारखं केलं आणि वाकून निघाले. डोअरकीपर डॉक्टरांकडे वळला. मग पुढच्याकडे. दर निरोपाला एक खुर्ची रिकामी. आपल्या संस्कृतीचे राखणदार रांगेने उन्हात चालले होते, आणि मालक डोळे मिटून तिसऱ्या सप्तकात होते. पायांपाशी गणपतराव पदर तोंडात कोंबून हुंदके देत होते. मला आधी वाटलं अभिनय आहे. मग खांदे बघितले. हसत होते.

गाणं संपलं. मी सूर लांबवला. एवढं भ्यायलेलं बोट मी पट्टीवर कधी ठेवलं नव्हतं.

"वन्स मोअर!" एकट्या नरसय्याचा आवाज. कारभारीण बाहेर गेल्याची खात्री करून घेतलेली.

मग सगळं पिट फुटलं. माणसं बाकं बडवून हसत होती, शिट्ट्या मारत होती आणि वन्स मोअर, वन्स मोअर म्हणून ओरडत होती. मालकांनी डोळे न उघडता नम्रपणे मान हलवली, आणि अख्खं गाणं पुन्हा म्हटलं. पहिल्यापासून. शेवटी डोळे उघडले तेव्हा समोर रिकाम्या खुर्च्या होत्या आणि त्यांच्या मागे पोट धरून बसलेली गिरणी.

रंगपटात मालकांनी झोळी आपटली. "याला उद्या गाडीत बसवा!"

"मालक, वन्स मोअर तर आला," मी म्हणालो.

"तो वन्स मोअर होता? तो?"

गणपतराव शालू सोडत होते. शांतपणे म्हणाले, "मी पायांवर पडणार नाही आता. बायका मला रस्त्यात गाठतील."

"मग काय, दार लावून मला हाकलणार?"

"दार लावतो. पण तुम्ही जाऊ नका. दाराबाहेर गाणं म्हणा, नवं. मी आत. पोरं आत. सगळं स्टेज तुमचं, शेवटच्या पडद्यापर्यंत दुसरं कुणी नाही."

'दुसरं कुणी नाही' हे शब्द त्यांच्या चेहऱ्यावर तुपासारखे पसरताना मी पाहिले.

"चाल कोण बसवणार?" त्यांनी विचारलं.

"ऑर्गन लागेल की त्याला," गणपतराव म्हणाले. "कोकण्याला गाडीत बसवलं तर तुम्ही पेटी घ्या, मी तबला घेतो."

मला गाडीत बसवलं नाही. आठवडाभर आम्ही चाल बसवली. त्या आठवड्यात मी गणपतरावांच्या विड्या आणल्या, धोतर धुतलं, आणि ते नको म्हणत असतानाही त्यांचे पाय दाबले.

पुढच्या रविवारी दार लागलं. बायका बसून राहिल्या, टाळ्या वाजवल्या आणि पुढचं गाणं मांडीवरच्या पोरांना थोपटत निवांत ऐकलं. माणूस बाहेर होता, त्यांचं समाधान होतं. खुर्च्या बंद दारापुढच्या पतीसाठी ढसाढसा रडल्या. पिटाला मालकांना बंद दाराबाहेर उभं राहून गाताना बघून एवढा आनंद झाला, की खूण द्यायच्या आधीच वन्स मोअर आला. तीनदा. मालक घामाने निथळत होते आणि पिट त्यांना सोडत नव्हतं.

खेळानंतर वकीलसाहेब आत आले. "आमची सूचना मानलीत. आता शेवट आपल्या संस्कृतीला शोभतो."

दार तर लागलंच होतं. पण गाणं लांबलं होतं ना!

"रसिकांचा शब्द आम्हाला वेदासारखा," मालक म्हणाले.

नाटक सोलापुरात चाललं, पुढे बार्शीला आणि मिरजेलाही. मी त्या कंपनीत राहिलो, बोलपटांनी ती बुडवेपर्यंत. धंद्यात शिकलो ते एवढंच, की नाटक बघून कुणी रडायचं ठरवत नाही. कुणासाठी रडायचं ते माणूस घरूनच ठरवून येतो. कंपनीने फक्त त्याला रडायला वेळ द्यायचा, आणि त्याची बायको टांग्यात बसणार नाही एवढं बघायचं.